खाणावळ की खानावळ? पाटीवर काय लिहू

पडवीतली: आमच्या आत्येने तारकर्लीला घराच्या पडवीत चार टेबलं टाकलीत, सुट्टीतल्या पर्यटकांसाठी, मच्छी थाळी नि शाकाहारी राइस प्लेट, बाकी काय नाय. पाटीसाठी मी 'खाणावळ' लिहून दिलं तर पेंटर म्हणतो ताई चुकलंय, मी सगळीकडे 'खानावळ'च रंगवतो. आमच्या घरात तर लहानपणापासून ण. नक्की काय? परवा पाटी रंगायचीय.

हर्णैकर: ण. घडणावळ, शिवणावळ, दळणावळ आठवा, सगळी मजुरीची नावं. मला कायम वाटत आलंय की खाणावळ म्हणजे आधी खाण्याचे पैसे नि मग पैसे मोजून जेवायची जागा.

घाटावरचा: पटलं नाही. जेवणावळ म्हणजे जेवणाचे पैसे का? ती पंगत. आवळ म्हणजे आवली, ओळ. ओळीने बसून खायचं ती खाणावळ. न आला असेल तो दवाखाना कारखाना यांच्या संगतीने.

हर्णैकर: आवळ दोन असू शकतात की! सोनाराला घडणावळ देताना कुठली ओळ बघता?

गिरणगाव: माझी आजी लालबागला खानावळ चालवायची आणि आम्ही नच म्हणायचो. कोकणातले चाकरमानी, बायकापोरं गावी, एका खोलीत दहा-बारा जण राहायचे, दोन वेळ जेवायला आजीकडे आणि पैसे पगार झाला की. अशाच बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. त्या बायकांच्या तोंडात जो शब्द होता तो चूक कसा म्हणायचा? आणि खरं सांगू, खानावळीत रोजची तीच माणसं येतात, महिन्याचा हिशोब असतो. येईल त्याला वाढायचं तर ते हॉटेल. तुमच्या आत्येचं हॉटेलच आहे.

शुद्धलेखक: हॉटेल म्हणजे राहायची जागा. पाटी बघून लोक खोली मागतील. चांगला मराठी शब्द असताना हे कशाला? उपाहारगृह लिहा. रत्नागिरीत सावरकरांनी १९३३ साली अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केलं होतं, म्हणजे शब्द कोकणात रुजलेला आहे. फक्त एसटी स्टँडवर असतं तसं 'उपहारगृह' नको, उपहार म्हणजे भेटवस्तू.

हर्णैकर: उपाहार म्हणजे थोडंसं खाणं हो. सुरमईचं कालवण, तळलेली तुकडी, भात, तांदळाची भाकरी, वर सोलकढी, हा उपाहार? आणि आमच्याकडे हॉटेल म्हणजे चहा-भजी, तिथे खोली कोणीही मागत नाही, शंभर वर्षं वापरून शब्द आपलाच झालाय.

शुद्धलेखक: वापरून चूक बरोबर होत नाही.

गिरणगाव: मग भाषा होते कशाने?

घाटावरचा: धाबा लिहा, मुंबई-गोवा रस्त्यावरून येणाऱ्यांना लगेच कळेल.

हर्णैकर: नको! धाबं म्हणजे देशावरचं मातीचं सपाट छप्पर. कोकणच्या पावसात एक आषाढ तरी टिकेल का? आमची कौलं.

घाटावरचा: तो ढाबा पंजाबी, छपराशी त्याचा संबंध कोणी सिद्ध केलाय?

पडवीतली: हे सगळं आत्येला वाचून दाखवलं. ती म्हणते खाणावळ नको नि हॉटेलही नको. 'घरगुती जेवण मिळेल' गुहागरपासून मालवणपर्यंत प्रत्येक तिसऱ्या घरावर आहे, तेही नको. तिला सरळ आमच्या मालवणीत 'हय जेवाण गावतला' हवंय, म्हणजे इथे जेवण मिळेल. मला तर फार आवडलं.

शुद्धलेखक: पुण्याचा माणूस ते 'गावातला' वाचेल.

गिरणगाव: वाचू दे, आत येऊन विचारेल.

हर्णैकर: वेंगुर्ल्याची माझी मावशी 'मेळतला' म्हणते. आणि जेवाण नाही, जेवान. न.