फ्लॅटहेड इंजिन घेण्याआधी ब्लॉक तपासा

या चर्चेत वर एकांनी लिहिलंय की १९३२च्या फोर्डला आजचं इंजिन आणि डिस्क ब्रेक लावले तरी तो ट्रॅडिशनल हॉट रॉडच, म्हणजे जुन्या पद्धतीने वेगासाठी बदललेली जुनी गाडी. मला नाही पटत. कॅलिफोर्नियातली पोरं म्युरॉक, एल मिराजच्या कोरड्या तळ्यांवर पळवायला मडगार्ड काढून टाकायची आणि भंगारात मिळेल ते जोडायची. सगळा बाज तोच आहे ना!

इंजिनाबाबत मात्र सावध करतो. फ्लॅटहेड म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच (सिलिंडरांच्या ओतीव सांगाड्यात) आणि वरचं झाकण सपाट असलेलं इंजिन. मूळचा ३.६ लिटरचा फ्लॅटहेड व्ही-८ (आठ सिलिंडरांचा) जेमतेम ६५ अश्वशक्तीचा, म्हणून बरेच जण १९४९ ते १९५३मधलं मर्क्युरीचं (फोर्डचाच दुसरा ब्रँड) ४.२ लिटरचं शोधतात. या इंजिनांत एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकच्या पोटातून, पाण्याच्या जागेतून जातात. त्यामुळे ती तापतात, आणि व्हॉल्व्ह सीटपासून (व्हॉल्व्ह टेकतो त्या जागेपासून) सिलिंडरकडे तडा जाऊ शकतो. वरून ताजा रंग मारला असेल तर काही कळत नाही. ब्लॉक मोकळा करून तडे शोधणारी चुंबकीय तपासणी झाल्याशिवाय पैसे मोजू नका.

ब्रेक म्हणाल तर १९३२चे सळ्यांवर चालणारे. फोर्डने १९३९पासून हायड्रॉलिक (द्रवाच्या दाबावर चालणारे) दिले, जुने लोक तेच बसवायचे. डिस्कची गरज नाही.

गाडी बुटकी करायला छत कापायचं असेल तर ते सगळ्यात शेवटी. आधी सीट बसवा आणि डोकं कुठे लागतं ते बघा.