'गॉडी नाइट' : रहस्यकथा की लग्नकथा?

खाडीपार_ऐरोली: कालची पोस्ट : "डोरोथी सेयर्सच्या 'गॉडी नाइट' कादंबरीत एक खून नाही, नुसतं लग्न करू की नको. प्रेम घुसलं की तर्क मेला." डोकंच फिरलं. अहो, लग्न हाच तिथे पेच आहे! आधीच्या 'स्ट्राँग पॉयझन'मध्ये (१९३०) गुप्तहेर पीटरने रहस्यकथा लिहिणाऱ्या हॅरिएटला खुनाच्या आरोपात फाशीतून सोडवलं, आणि लग्नाची मागणी घातली. आता हो म्हणायचं ते प्रेमापोटी की उपकारापोटी? म्हणून ती वर्षानुवर्षं नकार देते. 'गॉडी नाइट' आली १९३५ मध्ये; ऑक्सफर्डने बायकांना पदव्या द्यायला लागून पंधराच वर्षं झालेली. डोक्याने जगणाऱ्या बाईने संसारात पडावं का, हा प्रश्न ताजा होता, आणि ऑक्सफर्डमधल्या बायकांच्या कॉलेजात येणाऱ्या निनावी पत्रांचा छडाही त्यातूनच लागतो.

घोडबंदरकर: पोस्ट माझीच. अमेरिकन रहस्यकथाकार व्हॅन डाइनने १९२८ मध्येच बजावलंय : गुन्हेगार पकडा, जोडप्यांना बोहल्यावर चढवू नका.

खाडीपार_ऐरोली: सेयर्सही आधी तेच म्हणायची. लिहिता लिहिता सुधारली. तुम्हालाही वेळ आहे.

नौपाडा_वाचक: प्रेम राहू द्या. पकडली कोण जाते? कॉलेजातली कामवाली! विदुषी सगळ्या धुतल्या तांदळाच्या. आमच्या सोसायटीत मंगळसूत्र हरवलं, तर बाईंची पिशवी गेटवर उलटी केली. डबा, रिक्षाचे सुट्टे, मुलीची वही, सगळं फरशीवर. मंगळसूत्र सापडलं वॉशिंग मशीनच्या रबरात. माफी? नाव नको.

कोपरखैरणे_गुप्तहेर: शेवट फोडल्याबद्दल आभार. अर्धंच वाचून झालं होतं.

खाडीपार_ऐरोली: ॲनी नुसती कामवाली नाही. तिच्या नवऱ्याने प्रबंधात अडचणीचा पुरावा दडवला, आता त्याच कॉलेजात असलेल्या विदुषी मिस डी व्हाइनने तो उघड केला, करिअर संपलं, त्याने जीव दिला.

नौपाडा_वाचक: आणि तिच्या दोन पोरी? त्यांचं कोण बघणार?

घोडबंदरकर: धागा रहस्यकथेचा आहे, मोलकरणींचा नाही.

नौपाडा_वाचक: तोंड सांभाळा. माझ्या आईने वाशीत चार घरची भांडी घासून मला शिकवलंय.

घोडबंदरकर: तसं म्हणायचं नव्हतं हो.

खाडीपार_ऐरोली: मुद्द्यावर या. पीटर हॅरिएटला काय देतो? कुत्र्याचा जाड पट्टा, गळ्यात घालायला. कारण हल्ला गळ्यावर होणार हे त्याने ताडलेलं असतं. तिचा जीव वाचतो तो त्या पट्ट्यामुळेच. यात तर्क कुठला आणि प्रेम कुठलं, वेगळं करून दाखवा.

घोडबंदरकर: बरं, पट्टा मान्य. पण शेवटी मागणी लॅटिनमध्ये? आमची ही म्हणते, "निदान विचारलं तरी. तुम्ही तर पत्रिका जुळल्यावर थेट हॉल बघायला गेलात."

नौपाडा_वाचक: पोरींचं कुणीच बोललं नाही. असो.