मदत हवी आहे: धावपट्टीलगतचे गवत कापताना टॉवरशी समन्वय नेमका कोणाच्या शब्दावर चालतो?

प्रश्न | शिवारकर, जालना

सर्वांना नमस्कार. मराठवाड्यातील एका विमानतळावर धावपट्टीच्या दोन्ही अंगांचे गवत कापण्याचे काम यंदाच्या पावसाळ्यात आमच्याकडे आले आहे. मूळ ठेका दुसऱ्याचा असून आम्ही पोटठेकेदार आहोत. दोन ट्रॅक्टर, कापणी यंत्रे आणि चालक आमचे. आत शिरताना विमानतळाची एक जीप सोबत असते आणि टॉवरशी, म्हणजे विमानांना सूचना देणाऱ्या नियंत्रण मनोऱ्याशी, बोलण्याचा वॉकीटॉकी त्या जीपमधल्या कर्मचाऱ्याकडे असतो. येथवर सगळे व्यवस्थित आहे.

अडचण मुकादमाच्या फोनची आहे. मूळ ठेकेदाराचा मुकादम मोबाइलवर विमानांचे अ‍ॅप उघडून बसतो आणि मुंबईचे विमान उशिरा निघाल्याचे दिसले की थेट माझ्या चालकाला फोन करून "अजून पाऊण तास आहे, तेवढा पट्टा उरकून घ्या" असे सांगतो. जीपवाला बाहेर चला म्हणत असतो आणि फोनवर थांबा असा हुकूम असतो. चालकाची रोजी त्या मुकादमाच्या हातात असल्याने तो कोणाचे ऐकेल, हे सांगायला नको. मी हरकत घेतल्यावर मला ऐकवले गेले की ट्रॅक्टर गवतात आहे, डांबरावर नाही, मग विमानाला त्याचा अडथळा होईलच कसा?

हे म्हणणे नियमाला धरून आहे का, हे मला जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. दुसरे असे की आमची जमीन काळी. पावसाची एक सर आली तरी ट्रॅक्टरचे चाक रुतते आणि बाहेर पडताना टायरला लागलेली चिखलाची ढेकळे डांबरावर सांडतात. ट्रॅक्टर आत रुतला आणि त्याच वेळी विमान उतरायला आले, तर आम्ही नेमके काय करणे अपेक्षित आहे? चिकलठाण्याचा (औरंगाबाद विमानतळ) १९९३ चा विमान अपघात आमच्या भागात कोणी विसरलेले नाही, त्यामुळे हा प्रश्न मला मजुरीच्या हिशेबापेक्षा मोठा वाटतो.

उत्तर | निवृत्त नियंत्रक

शिवारकर, आपली हरकत योग्य आहे आणि मुकादमाचे म्हणणे चुकीचे आहे. धावपट्टी म्हणजे केवळ डांबर नव्हे. मोठी विमाने उपकरणांच्या आधारे जिथे उतरतात, तिथे आंतरराष्ट्रीय निकषानुसार मध्यरेषेपासून दोन्ही बाजूंना १४० मीटरपर्यंतचा पट्टा संरक्षित धरला जातो, कारण भरकटलेले विमान डांबर सोडून गवतात आले तरी त्याला धडकायला काही असू नये. या संरक्षित भागात विमान, वाहन किंवा माणूस यांपैकी काहीही अनुमतीशिवाय आढळले, की त्याची नोंद 'रनवे इन्कर्शन' (धावपट्टीवरील घुसखोरी) म्हणून होते. आपला ट्रॅक्टर गवतात असला तरी या व्याख्येतून सुटत नाही.

आता अ‍ॅपविषयी. टॉवरला येणाऱ्या विमानाची वेळ अ‍ॅपवरून नव्हे, तर अ‍ॅप्रोच (विमानतळाजवळ आलेल्या विमानांचे नियंत्रण) आणि मुंबईच्या एरिया कंट्रोलकडून (दूरच्या मार्गावरील विमानांचे नियंत्रण) थेट दूरध्वनी जोडणीवर कळते आणि ती क्षणोक्षणी सुधारली जाते. रुग्णाला नेणारे छोटे विमान, सरावासाठी आलेले विमान किंवा तांत्रिक बिघाडामुळे वाट बदलून येणारे विमान मुकादमाच्या वेळापत्रकात असेलच असे नाही. शिवाय समांतर टॅक्सीवे (विमानाने जमिनीवर ये-जा करण्याचा वेगळा मार्ग) नसलेल्या विमानतळावर उतरलेले विमान धावपट्टीवरूनच मागे वळून, विमाने उभी राहतात त्या अ‍ॅप्रनकडे येते, त्यामुळे दोन विमानांमधला जो मोकळा वेळ बाहेरून दिसतो तो आतून बराच आखूड असतो.

नियंत्रकाच्या बाजूने काय घडते, हे कळले की नियम पटतो. वाहनाला आत जाऊ देताना नियंत्रक समोरच्या स्ट्रिपच्या (विमानांच्या नोंदीच्या पट्ट्यांच्या) फळीवर धावपट्टीच्या रकान्यात 'धावपट्टी व्यापलेली' असे दर्शवणारी पट्टी ठेवतो आणि वाहनाकडून 'रनवे व्हेकेटेड' (धावपट्टी सोडली) असे कानावर पडल्याशिवाय ती उचलत नाही. न सांगता बाहेर पडलात, तर विमानाला विनाकारण पुन्हा वर जावे लागेल, इंधन जाईल, एवढेच. 'व्हेकेटेड' कळवूनही आत राहिलात, तर मात्र नियंत्रकाच्या लेखी धावपट्टी रिकामी असते आणि तो विमानाला उतरण्याची अनुमती देऊन मोकळा होतो. पाऊस किंवा धूसर हवा असेल, तर काचेतून दूरच्या टोकाचा ट्रॅक्टर दिसेलच याची खात्री मी तरी कधी धरली नाही.

म्हणून जीपमधल्या कर्मचाऱ्याने टॉवरची सूचना ऐकून नुसते 'रॉजर' म्हणणे पुरेसे नाही. त्याचा अर्थ केवळ 'ऐकले' एवढाच होतो. आत शिरणे, अलीकडे थांबणे, ओलांडणे या प्रत्येक सूचनेचे शब्द आपल्या वाहनाच्या नावासह परत म्हणावे लागतात, म्हणजे ऐकण्यात चूक झाली असेल तर ती त्याच क्षणी पकडली जाते. 'रनवे झिरो नायनर' (धावपट्टी ०९) मधला तो नायनर काही हौसेचा नाही. खरखरत्या वॉकीटॉकीवर 'नाइन' आणि 'फाइव्ह' एकमेकांत मिसळतात, म्हणून तो आहे.

पेरूची राजधानी लिमा येथे १८ नोव्हेंबर २०२२ रोजी उड्डाणासाठी वेगात धावणारे एअरबस ए३२० विमान धावपट्टीवर आलेल्या अग्निशमन बंबावर आदळले. बंब सरावासाठी निघाले होते. विमानातील सगळे वाचले, बंबावरील जवान मात्र दगावले. तपासात दिसले ते असे, की बंब टॉवरच्या अनुमतीशिवाय धावपट्टीवर गेले होते, सरावाचे नियोजन सगळ्यांनी एकत्र बसून केले नव्हते आणि बोलण्यात ठरलेले शब्द वापरले गेले नव्हते. तेथे प्रशिक्षित माणसांच्या बाबतीत असे घडले, तर फोनवर चालणाऱ्या ट्रॅक्टरचे काय सांगावे!

चिकलठाण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. २६ एप्रिल १९९३ रोजी मुंबईकडे निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीच्या टोकापलीकडच्या बीड रस्त्यावर कापसाच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकला घासले, पुढे विजेच्या तारांना धडकले आणि ११८ पैकी ५५ जण मृत्युमुखी पडले. चौकशीत वैमानिकांनी विमान उचलण्यास केलेला उशीर आणि त्यांची चुकीची पद्धत यांच्याबरोबरच, उड्डाणाच्या वेळी त्या रस्त्यावरची वाहतूक न रोखण्यावरही ठपका आला. तो ट्रकचालक टॉवरच्या ऐकण्यातच नव्हता. तुमचा चालक आहे, किंबहुना असायला हवा.

शिवारकर

आभारी आहे. चालकांना इंग्रजी येत नाही. मग त्यांनी टॉवरचे बोलणे समजून घ्यायचे कसे? आणि रुतलेल्या ट्रॅक्टरबद्दल राहून गेले.

निवृत्त नियंत्रक

चालकांनी टॉवरशी बोलायचेच नाही. जीपवाल्याने मराठीत सांगावे, चालकाने तेच मराठीत परत म्हणावे आणि आत असताना फोन खिशात नव्हे तर जीपमध्ये ठेवावा. मुकादमाला जे सांगायचे ते त्याने जीपवाल्याला सांगावे. ट्रॅक्टर दोन गेले असतील, तर दोन्ही बाहेर मोजूनच 'व्हेकेटेड' म्हणावे; एक बाहेर आला की घाईने तो शब्द उच्चारणे सर्वांत वाईट.

चाक रुतले, तर ओढाताण सुरू करण्याआधी टॉवरला ठिकाण सांगावे. वर विमान असेल तर ते घिरट्या घालील, ती त्यांची नित्याची गोष्ट आहे. लपवलेला ट्रॅक्टर मात्र नाही. वॉकीटॉकी बंद पडला आणि टॉवरमधून लाल दिव्याची उघडझाप दिसली किंवा धावपट्टीचे दिवे लुकलुकू लागले, तर माणसांनी रुतलेला ट्रॅक्टर तिथेच सोडून लगेच बाहेर पडावे. डांबरावर सांडलेली ढेकळे, दगड, यंत्राचा निसटलेला नट यांचीही खबर लगेच द्यावी, कारण असे काही इंजिनात ओढले गेले तर ते निकामी होऊ शकते.

आणखी एक, जे ठेक्याच्या कागदात बहुधा लिहिलेले नसते. गवत कापले की उडालेल्या किड्यांमागे गायबगळे आणि साळुंक्या ट्रॅक्टरच्या मागोमाग येतात, वर घारी घिरट्या घालू लागतात. थवा जमलेला दिसला की जीपवाल्याला लगेच सांगा, म्हणजे नियंत्रक येणाऱ्या वैमानिकाला आधीच सावध करील आणि पक्षी हुसकावणारे कर्मचारी वेळेत पोहोचतील.

मुकादमाचा विषय लेखी मांडावा, विमानतळाच्या सुरक्षा विभागाकडे. पोटठेकेदार म्हणून काम जाईल ही भीती समजते, म्हणूनच पत्रात तक्रार न करता, आत असताना सूचना एकाच माध्यमातून म्हणजे जीपमार्फत द्यावी, एवढीच मागणी करा.