निळ्या आभाळात चमकणारे ठिपके पळताना दिसतात, डोळ्याचं काही आहे का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरहून लिहितेय. यंदा गड्ड्याला, म्हणजे आमच्या सिद्धेश्वर यात्रेला, अक्षता सोहळ्याच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी गर्दीत उभी होते, साती नंदीध्वज (मानाच्या उंच काठ्या) समोर, मान वर करून बघत होते. अक्षता पडून गेल्या, लोक हलायला लागले तरी मला आभाळात पांढरे दाणे दिसतच होते, आधी वाटलं अक्षताच उडतायत अजून, मग लक्षात आलं की हे खाली पडतच नाहीयेत.

मोहरीपेक्षा बारीक, चकाकणारे, वळवळत जातात आणि सेकंदभरात गायब, लगेच दुसरे. काहींच्या मागे काळसर शेपूट असल्यासारखी वाटते. एक डोळा झाकला तरी दिसतात, दुसरा झाकला तरी दिसतात. घरातल्या भिंतीकडे बघितलं तर काहीच नाही. गच्चीवर मिस्टरांना नेऊन दाखवलं, ते म्हणाले मला काही दिसत नाही बघ, तेव्हापासून जास्तच धास्ती बसलीय.

मी घरी शाळेचे गणवेश शिवते, दिवसभर मशीनवर, सुईत दोरा ओवायचा तर नजरच पाहिजे. आईला शुगर आहे, तिच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर (रेटिना) लेझर झालंय, म्हणून तिला अजून बोलले नाही. लगेच दाखवायला पाहिजे का? कुणाला असं होतं का?

प्रतिसाद :
ताई, घाबरू नका, मी डोळे तपासायचंच काम करतो. तुम्ही लिहिलंय ते जवळपास सगळ्यांना दिसू शकतं, फक्त कुणी लक्ष देत नाही. १९२४ साली रिचर्ड शीरर नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी याच्याकडे डॉक्टरांचं लक्ष वेधलं. ते ठिपके म्हणजे तुमच्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी. पडद्याच्या पुढच्या बाजूला केसापेक्षा बारीक रक्तवाहिन्या असतात, त्यातल्या लाल पेशी निळा उजेड शोषून घेतात, आणि ती सावली कायमचीच असल्यानं मेंदू ती धरत नाही. पांढरी पेशी निळा उजेड अडवत नाही, ती आली की तेवढ्या जागेतून उजेड आत येतो आणि ठिपका पळाल्यासारखा दिसतो. ती जाडजूड असल्यानं मागे लाल पेशी तुंबतात, तीच तुमची काळी शेपूट.

खात्री करायचीय तर आभाळाकडे बघत मनगटाची नाडी धरा, ठिपके नाडीच्या ठोक्यासरशी झटका घेऊन पुढे जातात. आणि नजरेच्या अगदी मधोमध ठिपके येत नाहीत, तिथं रक्तवाहिन्याच नसतात.

पण एक नीट लक्षात ठेवा. अचानक काळे ठिपके, जाळी खूप वाढली, अंधारात पण वीज चमकल्यासारखं झालं, किंवा एका बाजूनं पडदा ओढल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सुटत असू शकतो. आणि आईला शुगर आहे तर तुमचीपण शुगर बघून घ्या.

ताईंचं उत्तर :
दादा, खूप खूप आभार. आत्ता गच्चीवरून आले, नाडी धरून बघितलं, ठोक्याला ठिपका पुढे सरकतो, खरंच! मधे मोकळी जागा पण आहे, इतके दिवस दिसली नव्हती. मिस्टरांना परत वर नेलं, म्हटलं पक्षी शोधल्यासारखं बघू नका, नजर नुसती मोकळी सोडा, दोनेक मिनिटांनी त्यांनाही दिसले. शुक्रवारी आईची पडद्याची तपासणी आहेच, तेव्हा थेंब घालून माझे डोळे पण बघून घेते, शुगर पण करते.