मदत हवी आहे: जुन्या घरात हीट पंप चालेल का? ऐकीव गोष्टींत खरं किती?

नमस्कार मंडळी,

आमचा गॅस बॉयलर आता थकलाय. फार तर अजून एखादा हिवाळा ओढेल. त्याच्या जागी हीट पंप बसवायचा विचार आहे, पण विचारावं त्याचं उत्तर वेगळं. घर जुनं, विटांचं. फरशीखाली पाइप नाहीत, भिंतीला साधे रेडिएटर आहेत. हिवाळ्यात बाहेरचा पारा शून्याखाली १० अंशांपर्यंत उतरतो.

कानावर आलेलं असं: कडाक्याच्या थंडीत बाहेर उष्णताच नसते, मग पंप आणणार कुठून? रेडिएटरवर तो चालतच नाही. जुन्या घरात आधी सगळ्या भिंतींना इन्सुलेशन करा, मगच नाव काढा. 'एक युनिट विजेत तीन युनिट उष्णता' ही तर शुद्ध थाप. त्यात परवा शेजाऱ्यांच्या बाहेरच्या युनिटातून भसाभसा पांढरा धूर निघाला, आणि ते म्हणे काही नाही, असंच असतं! उलट विक्रेता सांगतो, बसवा आणि विसरा. मला दोन्ही बाजू पटत नाहीयेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा. जाहिराती नकोत, प्लीज.

प्रतिसाद १

याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

थाप वाटते त्या गोष्टीपासून सुरुवात करू. हीट पंप उष्णता तयार करत नाही, बाहेरची उचलून आत आणतो. वीज लागते ती या हमालीसाठी. तीन युनिट उष्णता घरात आली तर त्यातली साधारण दोन बाहेरच्या हवेतली असतात. फ्रिजच्या मागे हात लावून बघा, आतली उष्णता तिथे बाहेर पडत असते. हे यंत्र तेच काम उलट्या दिशेने करतं.

आता थंडीचं. −१० ची हवा आपल्याला बोचते, पण उष्णता पूर्ण संपते ती −२७३ ला. पंपाच्या नळ्यांत उष्णता वाहून नेणारा एक पदार्थ फिरत असतो; नव्या पंपांत तो पुष्कळदा आर-२९० असतो, म्हणजे प्रोपेन. तो नेहमीच्या हवेच्या दाबाला −४२ अंशांवरच उकळतो. बाहेरच्या कॉइलमध्ये तो हवेपेक्षाही गार ठेवलेला असतो, त्यामुळे बोचरी हवासुद्धा त्याला उकळवते. पुढे कॉम्प्रेसर त्या वाफेवर दाब देतो, तिचं तापमान चढतं आणि ती उष्णता तुमच्या रेडिएटरच्या पाण्याला मिळते. नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत, आणि तिथली थंडी काही गुलाबी नसते. तंत्रही कालचं नाही. झुरिचच्या राटहाउसमध्ये (नगरभवनात) १९३८ साली नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारा पंप बसवला होता.

पण या समजुतीत थोडं तथ्य आहे, विक्रेते नेमकं तेच सांगत नाहीत. थंडी वाढते तशी घराची गरज वाढते आणि त्याच वेळी पंपाची कार्यक्षमता उतरते. माहितीपत्रकावर कार्यक्षमता म्हणून ठळक ५ दिसला (एका युनिट विजेत पाच युनिट उष्णता) की शेजारचं बारीक अक्षर वाचा. ए७/डब्ल्यू३५ असेल, तर तो आकडा बाहेर ७ अंश आणि पाणी ३५ अंश असतानाचा. तुमच्या कामाचा आकडा ए−७/डब्ल्यू५५ च्या ओळीत मिळेल, आणि तो बराच खाली असेल. तोच मागा.

धूर म्हणजे पाण्याची वाफ. कॉइलवर बर्फ धरतं, ते वितळवायला पंप काही मिनिटं उलटा चालतो. त्या पाण्याला निचरा मात्र हवा, नाहीतर युनिटखाली बर्फाची लादी तयार होते.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१, पण नाण्याची दुसरी बाजू लिहितो. आमच्याकडे बसवला आणि पहिल्या हिवाळ्यात बिल चक्क वाढलं. बसवणाऱ्याने पाण्याचं तापमान ६० वर खिळवून ठेवलं होतं आणि बॅकअपचा विजेचा हीटरही चालूच सोडला होता. हा हीटर एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो, म्हणजे सगळा फायदा तिथेच गळतो. दुसऱ्या माणसाने हीटिंग कर्व्ह लावून दिला. आता बाहेरच्या थंडीप्रमाणे पाणी कमी-जास्त तापतं. बिल खाली आलं.

आणि हिशोब घरीच करा. वीज प्रतियुनिट गॅसच्या तिप्पट महाग आणि बॉयलरची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर पंपाची वर्षभराची सरासरी कार्यक्षमता २.७ च्या वर गेली तरच बिल घटेल. त्याखाली नाही. तुमच्या बिलांतला खरा दर टाकून बघा, 'निम्मं बिल' वगैरे ऐकू नका.

धागाकर्ता

दोघांचे आभार! म्हणजे माझ्या रेडिएटरवर चालेल की नाही हे बसवण्याआधी कळायचा काही मार्ग आहे का? आणि इन्सुलेशनचं काय?

प्रतिसाद १

आहे की, आणि फुकट आहे. थंडीच्या ऐन आठवड्यात आत्ताच्याच बॉयलरचं रेडिएटरकडे जाणारं पाणी ५० अंशांवर आणा. सगळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि दिवसरात्र चालू राहू द्या. रेडिएटर हाताला कोमटच लागतील, त्याने बिचकू नका. बघायचं ते खोलीचं थर्मामीटर. अंघोळीच्या पाण्याच्या टाकीची सेटिंग वेगळी असते, ती ६० च्या खाली नेऊ नका, लेजिओनेला जंतूंचा धोका असतो.

खोल्या उबदार राहिल्या तर हीट पंपालाही जमेल. भिंती झाकल्याशिवाय पंप चालत नाही, हे खरं नाही. छताचं इन्सुलेशन आणि दारं-खिडक्यांच्या फटी मात्र आधी उरका, तिथे थोड्या खर्चात बराच फरक पडतो.

धागाकर्ता

करून पाहिलं. बाहेर −८ होतं. सगळ्या खोल्या २० च्या आसपास राहिल्या, फक्त कोपऱ्यातली उत्तरेकडची १६ वर अडकली. तिथे एकेरी पत्र्याचा छोटा रेडिएटर आहे. म्हणजे बेत रद्द?

प्रतिसाद १

छे हो! तेवढा एक बदला. त्याच लांबी-उंचीचा दुहेरी पत्र्याचा लावला तर उष्णता दीडपटीहून जास्त मिळते, पाइपही बहुधा हलवावे लागत नाहीत. पंप मात्र 'असू दे जरा मोठा' म्हणून घेऊ नका. मोठा पंप सौम्य थंडीत सतत बंद-चालू होतो, त्यात वीज जाते आणि कॉम्प्रेसर झिजतो. कोटेशन मागताना प्रत्येक खोलीचा उष्णता-ऱ्हास, म्हणजे थंडीत तिथून किती उष्णता बाहेर जाते, तो लेखी मागा. चौरस फुटांवरून अंदाजे आकडा ठोकणाऱ्याला तिथूनच निरोप द्या.

धागाकर्ता

तीन कोटेशनं मागवलीत, पैकी एकानेच खोलीनिहाय आकडे दिलेत. ते उद्या इथे टाकतो, जरा नजर घालाल का?