चेष्टा, कुचेष्टा, हेटाळणी, द्वेष: ग्रुपच्या नियमात कोणता शब्द घालावा?

गोदाकाठ (परभणी):
आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे नियम नव्यानं लिहायचं काम माझ्याकडं आलंय. जुना नियम 'आक्षेपार्ह मजकूर टाकू नये' असा आहे, पण त्याला कुणी विचारत नाही. परवा एकानं टाकलं, 'तांड्यावरच्या पोराला मोबाइल दिला की संध्याकाळपर्यंत गायब!' खाली हसून लोळणाऱ्या तोंडांची रांग. तांड्यावरचा आमचा वर्गमित्र काही न बोलता ग्रुपातून निघून गेला. टाकणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, 'मजाक करायलो होतो की, येवढं काय त्यात?' आता 'आक्षेपार्ह'च्या जागी काय लिहू?

मुखेडकर:
'चेष्टा' तर नकोच. संस्कृतात चेष्टा म्हणजे हालचाल, प्रयत्न; हिंदीत अजूनही तोच अर्थ. मराठीत तिची थट्टा झाली, आणि त्यात वाईट काही नाही. 'कु' लागला की मग हेतूच खोटा.

आपल्याकडं चेष्टेला नातं लागतं. मेहुण्याची करावी, भावजयीची करावी. विहिणीला लग्नात काय काय गाणी ऐकवतात, आणि तीही उरलंसुरलं फेडून जाते. तेच जावयानं सासऱ्याची केली तर जेवणावरून माणसं उठतील. म्हणजे कुणी कुणाची करायची हे ठरलेलं असतं, आणि उलटून बोलायची मुभा असते. ग्रुपवर निम्म्या लोकांची तोंडओळखही उरलेली नसते, तिथं कसलं नातं? शिवाय तुमच्या मेसेजात 'तू' कुठंय? एका माणसाला नाही, सगळ्या तांड्याला बोललंय. माझ्या मते ही हेटाळणी.

पैठणचा पाहुणा:
समाजाचं नाव आलं की लगेच हेटाळणी, हे पटत नाही. नाथांचा हिंदू-तुर्क संवाद काढून बघा. दोघं एकमेकांच्या धर्माची यथेच्छ टर उडवतात, आजच्या ग्रुपवर पाच मिनिटं टिकणार नाही असं बोलतात, आणि शेवटी गळाभेट घेतात.

मुखेडकर:
दोघंही बोलतात ना! तुमच्या तुर्काला नाथांनी पुरतं तोंड दिलंय. इथं एक बोलला आणि दुसरा ग्रुप सोडून गेला.

काळा कोट (लातूर):
'द्वेष' हा शब्द जपून वापरा. वर्तमानपत्रं 'भावना दुखावणारं', 'प्रक्षोभक' आणि 'द्वेषमूलक' एकाच पोत्यात घालतात. भारतीय न्याय संहितेत कलम २९९ धार्मिक भावना मुद्दाम दुखावण्याचं. कलम १९६ धर्म, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून गटागटांत वैर वाढवण्याचं. 'द्वेषमूलक भाषण' याची व्याख्या संहितेत नाहीच. या एका मेसेजवर १९६ टिकेल असं मला वाटत नाही. पण रोज असंच पडत राहिलं आणि पुढं कुणी 'यांना गावात भाड्यानं खोली देऊ नका' म्हणाला, तर तो विनोद राहत नाही.

गंमत बघा (गंमत कसली!): देगलूरच्या पुढं तेलंगणात हाच तांड्यावरचा बंजारा समाज अनुसूचित जमातीत, बिदरकडं अनुसूचित जातीत, आपल्याकडं विमुक्त जातीत. त्यामुळं अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा तिकडं लागू शकतो, इकडं नाही. बोलणं तेच, दुखणंही तेच.

आणि अ‍ॅडमिनसाहेब, घाबरू नका. सभासदानं टाकलेल्या मजकुराबद्दल, संगनमत नसेल तर, अ‍ॅडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये म्हटलंय.

गोदाकाठ (परभणी):
मग असं लिहू का? 'जात, धर्म, गाव, बाईमाणूस यांवरून कुणाचीही हेटाळणी चालणार नाही. आपसातली चेष्टा चालेल. समोरच्यानं थांब म्हटलं की थांबायचं.'

मुखेडकर:
'थांब म्हटलं की' हे अपुरं आहे. तुमचा मित्र थांब म्हणालाच नाही. इतरांनीही म्हणायला पाहिजे, ते घाला.

काळा कोट (लातूर):
आणि 'गाव' काढा हो. विभागीय आयुक्तालय लातूरला की नांदेडला, यावरून नांदेडवाल्यांना टोचायचं नाही, तर आम्ही ग्रुपवर करायचं काय?