पहिल्याच आठवड्यात नियमांचा कागद द्यावा की नको?

धागाकर्ती (इतिहास, वरिष्ठ महाविद्यालय)
विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडला की घटक, श्रेयांक, गुण, संदर्भग्रंथ सगळं सापडतं. असाइनमेंट दोन दिवस उशिरा आली तर काय, चॅटजीपीटीचा आधार घेतला तर काय, अंतर्गत परीक्षेच्या दिवशी पोरगं तापानं फणफणलं तर पुन्हा संधी आहे का, हे मात्र कुठेच नाही. ते शिकवणाऱ्याच्या मर्जीवर. 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. अंतर्गत गुण कुठे 30 टक्के, कुठे 40. एवढे गुण हातात असताना ते कसे देणार हे आधी लिहून देणं मला आपलं कर्तव्य वाटतं. एकच पान, मराठीत, पहिल्या आठवड्यात.

कारण सांगते. धीट मुलगा स्टाफरूममध्ये येऊन "मॅडम, उद्या देतो" म्हणतो आणि त्याचं घेतलं जातं. मागच्या बाकावरची मुलगी, जिच्या घरातून कॉलेजला येणारी ती पहिलीच, विचारायलाही येत नाही. तिनं तारीख गेली म्हणजे संपलं असं धरलेलं असतं. सवलत दोघांनाही होती, पण कळली एकालाच.

निवृत्त प्राध्यापक
मॅडम, तळमळ पोचली, पण मला हा कागद नको वाटतो. आमच्याकडे ऑक्टोबरात सोयाबीन काढणी सुरू झाली की निम्मा वर्ग शेतावर. मी दिवाळीनंतरही लिखाण घेतलंय, कुणाला न सांगता. तेच छापून दिलं असतं तर वरून विचारणा झाली असती आणि मला दार लावावं लागलं असतं. माणूस बघून निर्णय घेता येतो तोवर शिक्षक. एकदा कागद आला की पोरंही त्यावर बोट ठेवून बोलणार आणि आपणही.

धागाकर्ती
सर, तुम्ही दिलेली सवलत योग्यच होती. म्हणून तर ती लिहायची. माझ्या कागदावर आहे: "प्रत्येकाला सत्रभरात तीन दिवस सवलतीचे. एकदम घ्या, सुटे घ्या, कारण सांगायची गरज नाही." आणि काढणी दरवर्षी येते हे माहीत असताना मोठ्या असाइनमेंटची तारीख ऑक्टोबरात ठेवायचीच कशाला? मी ती सप्टेंबरच्या मध्यावर आणली.

तासिका तत्त्वावर
तुम्ही दोघंही कायम सेवेतले, म्हणून बोलता येतं. मी सीएचबीवर, म्हणजे तासिकेप्रमाणे मानधनावर. मी कागद काढला आणि विभागप्रमुखांनी एका फोनवर तो मोडला, तर वर्गासमोर माझी काय किंमत राहते? शिवाय गुण भरायचं पोर्टल ठरल्या तारखेला बंद होतं. सवलतीचे तीन दिवस शेवटच्या असाइनमेंटला एकदम वापरले तर रात्र जागून तपासणार मीच. कागद हवा असेल तर विभागाचा हवा, विभागप्रमुखांच्या सहीनिशी. एकट्या शिक्षकाच्या नावाने नको.

अभियांत्रिकी, प्रथम वर्ष शिकवतो
उशिराचं ठीक आहे, पण एआयवर तडजोड नको. सरळ लिहा: वापरलं तर शून्य. आमच्याकडे फाइल सॉफ्टवेअरमधून काढतो, टक्केवारी येते, विषय संपतो.

टीवायची विद्यार्थिनी
सर, राग मानू नका. मी मराठी माध्यमातून बीए करतेय. इतिहासाचे निम्मे संदर्भ इंग्रजीत. एक प्रकरण मी फोनवर भाषांतर करून वाचते, मग माझ्या शब्दांत लिहिते. हे तुमच्या शून्यात बसतं का? इंग्रजी माध्यमातल्या मैत्रिणीला ही पायरी लागतच नाही. वर्गात "एआय वापरायचं नाही" एवढंच सांगितलं, तेव्हा मी ते संदर्भच सोडले आणि गाईडवरून लिहिलं.

धागाकर्ती
ही पोस्ट सगळ्यांनी वाचा. आणि सर, त्या टक्केवारीवर कुणाचं वर्ष पणाला लावू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनेच एआयचं लिखाण ओळखणारं आपलं साधन अचूकता कमी म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतलं. यूजीसीच्या 2018 च्या वाङ्मयचौर्य नियमांतले 10, 40, 60 टक्क्यांचे टप्पे दुसऱ्याच्या मजकुराशी असलेल्या साम्याचे आहेत आणि ते प्रबंध, शोधनिबंधांसारख्या संशोधनपर लिखाणासाठी. ते आकडे इथे चिकटवता येत नाहीत. मी लिहिते: भाषांतर आणि शुद्धलेखनासाठी चालेल, कशासाठी वापरलं ते शेवटी दोन ओळींत सांगा, आणि लिहिलेल्यावर पाच मिनिटं तोंडी बोलायची तयारी ठेवा.

तासिका तत्त्वावर
120 मुलं गुणिले पाच मिनिटं म्हणजे दहा तास. मला पैसे शिकवलेल्या तासिकेचे मिळतात. हे दहा तास कुणाच्या खात्यात?

अभियांत्रिकी, प्रथम वर्ष शिकवतो
भाषांतराचा मुद्दा मान्य, तो वेगळा लिहायला हवा. पण प्रोग्रॅमिंगच्या जर्नलमध्ये 60 जणांचं तेच उत्तर, त्याच चुकीसकट येतं, तेव्हा "कशासाठी वापरलं ते सांगा" म्हणून कोण खरं सांगणार? पहिल्या वर्षी हात बसायचा असतो. तिथे माझी बंदी राहणार, आणि प्रात्यक्षिक समोर बसवून घेणार.

विधी शाखा, चौथं वर्ष
हजेरीबद्दल कुणीच बोलत नाही? 3 नोव्हेंबर 2025 ला दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलंय की हजेरी कमी म्हणून परीक्षेला बसण्यापासून रोखता येणार नाही. मग 75 टक्क्यांची ओळ कागदावर कशाला?

निवृत्त प्राध्यापक
बाळा, तो निकाल विधी शिक्षणापुरता आहे. तुमची अट बार कौन्सिलच्या नियमांतली, 70 टक्क्यांची. बीए, बीएस्सीला विद्यापीठाचा अध्यादेश लागतो आणि तो शिक्षकाला बदलता येत नाही. उलट मला इथेच कागद पटतो: कोणता नियम विद्यापीठाचा आणि कोणता माझा, एवढं तरी मुलांना कळू दे. अनेक शिक्षक स्वतःचा हट्ट विद्यापीठाच्या नावावर खपवतात.

पडदावाचक वापरणारा
मला दिसत नाही, फोनमधला पडदावाचक पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. एमए पहिलं वर्ष. परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो, ते ठरलेलं आहे. वर्षभराचं मात्र काहीच ठरलेलं नाही. सर वहीच्या पानांचे फोटो ग्रुपवर टाकतात. माझा फोन ते उघडतो आणि "प्रतिमा, प्रतिमा, प्रतिमा" म्हणत पुढे जातो. 14 पानं, एक शब्द नाही. मग दर वेळी कुणाला तरी विनवायचं. कागदावर एकच ओळ हवी: साहित्य टाइप केलेलं मिळेल, आणि कुणाला वेगळ्या रूपात हवं असेल तर पहिल्या दोन आठवड्यांत सांगा. सर म्हणतात, "अरे, तू मागितलं असतंस तर दिलं असतं." मागायचंच तर आहे दर वेळी, यालाच माझी हरकत आहे.

निवृत्त प्राध्यापक
तुमचं म्हणणं बिनतोड आहे. ही ओळ मर्जीवर राहता कामा नये. उशिराच्या बाबतीत मी अजूनही माझ्या मतावर आहे. तीन दिवसांत आजारी आईचं दवाखान्यातलं महिनाभर मावत नाही, आणि चौथ्या दिवशी आलेल्याला कागद दाखवायला मी तयार नाही.

धागाकर्ती
सर, त्यासाठी खाली एक ओळ आहे: "याहून मोठी अडचण असेल तर मला किंवा विभागप्रमुखांना भेटा, तारीख बदलून मिळेल." मर्जी उरतेच. फक्त तिचा पत्ता सगळ्यांना कळतो.

तासिका तत्त्वावर
सोमवारी विभागाची बैठक आहे. टाइप केलेल्या साहित्याची ओळ आणि विद्यापीठाचे-आपले नियम वेगळे दाखवणं, हे दोन्ही मांडते. सवलतीचे दिवसही, पण शेवटची असाइनमेंट वगळून. तोंडीचं मांडणार नाही. त्या दहा तासांचं मानधन मंजूर झालं तर बोलू.